वर्तन-बदलाची तंत्रं : संशोधन काय सांगतं आणि प्रत्यक्षात कुठे बिनसतं

पूर्ववृत्त (धागाकर्ता)

स्टार चार्ट (नीट वागलं की तारा चिकटवायचा तक्ता) लावला, आठवडाभर छान चाललं, मग सगळं मूळ पदावर. वर्तन-बदलाबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार ही. त्यावरून लगेच 'बक्षिसांचा उपयोग नसतो' असा निष्कर्ष निघतो, किंवा आणखी मोठं बक्षीस आणलं जातं. दोन्हीकडे एक प्रश्न विचारायचा राहून जातो: ते वर्तन करून त्या मुलाला मिळतंय काय?

थॉर्नडाइकने 1898 मध्ये मांजरांना खटक्याच्या पिंजऱ्यात ठेवून केलेल्या प्रयोगांपासून एक गोष्ट पक्की आहे. ज्या कृतीनंतर हवं ते मिळतं, ती कृती पुन्हा होते. स्किनरने 1938 मध्ये याची नीट मांडणी केली. पण शाळेत आणि उपचारात याचा उपयोग करताना बराच काळ 'वाईट वर्तनावर काय लावू?' अशा औषधाच्या बाटलीसारखा विचार व्हायचा. तो बदलला 1982 च्या इवाटा आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने. स्वतःला इजा करून घेणाऱ्या, विकासात्मक अक्षमता असलेल्या नऊ जणांना त्यांनी आळीपाळीने चार परिस्थितींत ठेवलं: इजा केली की काळजीचे शब्द मिळणार, काम दिलेलं आहे आणि इजा केली की थोडा वेळ ते थांबणार, एकटं ठेवलेलं, आणि खेळ, लक्ष, वस्तू सगळं भरपूर, काहीच मागणी नाही. प्रत्येक सत्र 15 मिनिटांचं. नऊपैकी सहा जणांत एका ठरावीक परिस्थितीत इजेचं प्रमाण सातत्याने जास्त दिसलं, आणि ती परिस्थिती प्रत्येकाची एकच नव्हती. पुढे 1994 मध्ये याच गटाने 152 जणांची माहिती एकत्र केली. साधारण 38 टक्क्यांत कारण 'काम टळणं' होतं, 26 टक्क्यांत 'लक्ष किंवा वस्तू मिळणं', आणि जवळपास तितक्याच जणांत त्या क्रियेतूनच मिळणारा संवेदी अनुभव.

दिसायला एकच वर्तन, पण कारणं तीन. आता वर्गात बघा. गणिताचा कागद फाडणाऱ्या मुलाला बाहेर उभं केलं. त्याला गणित टाळायचं असेल तर आपण त्याला नेमकं तेच दिलं. शिक्षेच्या नावाखाली बक्षीस, आणि उद्या कागद आणखी लवकर फाटणार. शिक्षकालाही पाच मिनिटं शांतता मिळाली, म्हणजे बाहेर काढण्याच्या त्याच्या सवयीलाही प्रबलन (कृती पुन्हा घडवणारं बळ) मिळालं. मानसशास्त्रज्ञ पॅटरसनने घराघरांतल्या भांडणांत हाच दुहेरी सापळा दाखवला होता.

म्हणून काहीही सुरू करण्याआधी तीन ते पाच दिवस 'आधी-वर्तन-नंतर' अशी नोंद. तीन रकाने आणि वेळ, एवढं पुरतं. 'आधी'मध्ये नेमकं काय घडलं ते लिहायचं: 'लेखी काम दिलं', 'शिक्षक दुसऱ्या बाकाकडे वळले'. वर्तनात क्रियापद हवं. 'त्रास दिला' ही नोंद नव्हे, 'पेन्सिल जमिनीवर फेकली' ही नोंद. 'नंतर'मध्ये आपण काय केलं तेही लिहायचं, आणि नेमका हाच रकाना लोक रिकामा सोडतात. पंधरा-वीस प्रसंग जमले की एखादा आकृतिबंध बहुधा दिसतो. तरी तो अंदाजच असतो. तो तपासायचा तर एक गोष्ट मुद्दाम बदलून बघायची: तेच काम सोपं करून द्या, किंवा काम तेच ठेवून दर दोन मिनिटांनी जवळ जा. कशाने फरक पडतो ते बघा.

धाग्याचा हेतू असा की ज्यांना संशोधन माहीत आहे त्यांनी तंत्रवार लिहावं, आणि कुठे फसतं ते आवर्जून.

---

खडूफळा

चांगला धागा. पूर्ण वर्गाबद्दल मी लिहितो, कारण एकेका मुलाची तपासणी करायला शिक्षकाकडे वेळ नसतो आणि बऱ्याचदा गरजही नसते.

मॅडसन, बेकर आणि थॉमस यांचा 1968 चा अभ्यास जुना आहे, पण प्रत्येक शिक्षक-प्रशिक्षणात असायला हवा. त्यांनी तीन गोष्टी टप्प्याटप्प्याने आणल्या: नियम, दुर्लक्ष, कौतुक. नुसते नियम सांगून जवळजवळ काही हललं नाही. नुसतं दुर्लक्षही फसलं. योग्य वर्तनाचं कौतुक सुरू झालं तेव्हा चित्र पालटलं. आपल्याकडे पहिल्या दिवशी फळ्यावर नियम लिहिले की काम झालं असं मानतात, ते यासाठी सांगितलं.

कौतुक म्हणजे 'शाब्बास, छान' नव्हे. काय केलं ते नाव घेऊन, आणि केल्यावर काही सेकंदांत: 'पुस्तक उघडून लगेच सुरुवात केलीस.' चार कौतुकांमागे एकच टोकणं हे प्रमाण सगळीकडे ऐकू येतं, पण चार हा काही जादूचा उंबरठा नाही. टोकण्याच्या तुलनेत कौतुक जितकं वाढतं तितका मुलांचा कामात लागलेला वेळ वाढत जातो, मध्ये कुठे अचानक उडी दिसत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे 1969 चा 'गुड बिहेविअर गेम', बॅरिश, सॉन्डर्स आणि वुल्फ यांचा. चौथीच्या 24 मुलांचा वर्ग, दोन संघ. जागेवरून उठणं किंवा मध्येच बोलणं झालं की त्या संघाच्या नावावर एक खूण. कमी खुणांचा संघ जिंकणार, आणि दोघांच्याही पाचपेक्षा जास्त नसतील तर दोघंही जिंकणार. गणिताच्या तासाला जागेवरून उठण्याचं प्रमाण निरीक्षणाच्या 82 टक्के खंडांवरून (वेळेचे ठरावीक छोटे तुकडे) 9 वर आलं आणि बोलण्याचं 96 वरून 19 वर. बाल्टिमोरमध्ये 1985-86 ला पहिलीच्या वर्गांना वर्गवार यादृच्छिक पद्धतीने हा खेळ देऊन ती मुलं 19 ते 21 वर्षांची होईपर्यंत पाठपुरावा झाला. सुरुवातीला जास्त आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये व्यसनाधीनतेचं प्रमाण कमी आढळलं. पहिलीतल्या एवढ्या साध्या खेळाचा इतका दूरचा परिणाम क्वचितच मोजला गेला आहे.

चालवताना: पहिल्या आठवड्यात दिवसातून एकदाच, 10 मिनिटं. नियम तीन, फार तर चार. खूण करताना सपाट आवाजात 'संघ दोन, जागेवरून उठणं' एवढंच. रागावलात की ते लक्ष होतं. जिंकायची मर्यादा बेसलाइनवरून (योजना सुरू करण्याआधीच्या मोजणीवरून) ठरवा. दहा मिनिटांत सरासरी 14 वेळा घडत असेल तर पहिली मर्यादा 10-11, एकदम 4 नको. संघ दर दोन आठवड्यांनी बदला.

फसतं ते बहुतेक वेळा एकाच जागी. एखादं मूल मुद्दाम खुणा मिळवून संघाला हरवतं, कारण सगळा संघ त्याच्याकडे वळून ओरडतो आणि त्याला तेच हवं असतं. अशा मुलाचा काही दिवस एकट्याचा संघ करायचा. संघातल्यांनी एकमेकांना दटावणं हीसुद्धा खूण धरायची, आणि हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं.

---

शंकासुर

सगळं ठीक, पण बक्षिसाने मूळची आवड मरते त्याचं काय? 1973 चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे. बालवाडीतली चित्रं काढायला आवडणारी मुलं. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल, दुसऱ्याला न सांगता नंतर दिलं, तिसऱ्याला काहीच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात पहिल्या गटाने चित्रांना सगळ्यात कमी वेळ दिला. 1999 मध्ये डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी 128 प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, त्यातही हाच सूर. मग वाचनासाठी स्टार देणाऱ्या शाळा वाचनाचं वाटोळं करत नाहीत का?

---

पूर्ववृत्त

शंकासुर, वाचनाची आवड आधीच असलेल्या मुलाला स्टार दिले तर हो, तुमचं बरोबर आहे.

पण तुम्ही सांगितलेल्या प्रयोगात मुलं निवडलीच होती ती आधीपासून आवडीने चित्रं काढणारी. बक्षीस मूर्त होतं, आधी कबूल केलेलं होतं, आणि चांगलं काढण्यासाठी नव्हे तर नुसतं काढण्यासाठी होतं. न सांगता दिलेल्या बक्षिसाने घट झाली नाही. 1999 च्या आढाव्यातही शाब्दिक कौतुकाने आवड घटली नाही, आणि मुळात कंटाळवाण्या कामांत ही घट दिसली नाही. कॅमेरॉन आणि पिअर्स यांनी 1994 मध्ये जवळपास तेच प्रयोग वेगळ्या पद्धतीने गटवून उलट निष्कर्ष काढला होता. वाद मुख्यतः कुठल्या प्रकारची बक्षिसं एका पेटीत टाकायची याचा आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा. जे वर्तन आपोआप घडतंय त्याला टोकन (जमवून नंतर बक्षिसात बदलायची खूण) लावू नका. वाचताच येत नसल्याने पुस्तकाला हात न लावणाऱ्या मुलाची 'आवड' मारायला तिथे आवडच नाही. त्याला अक्षरं जुळेपर्यंत टोकनचा आधार चालेल, आणि वाचनातून गोष्ट कळायला लागली की तो काढायचा. सगळ्या वर्गाला सरसकट पानामागे स्टार ही योजना मात्र वाईटच, तिथे मी तुमच्या बाजूने.

---

आलेख

मोजमापाबद्दल कोणीच बोललं नाही अजून. फसलेल्या अर्ध्या योजना मुळात फसल्यात की नाही हेच माहीत नसतं, कारण आधीचा आकडाच नसतो.

काय मोजायचं ते वर्तनावर ठरतं. सुरुवात आणि शेवट स्पष्ट असलेल्या छोट्या कृती मोजायच्या (हात न वर करता बोलणं). रडणं, जागेवरून गायब असणं याचा कालावधी. सूचना दिल्यापासून सुरुवात होईपर्यंतचा विलंब हे माप फार कमी वापरलं जातं, पण 'ऐकत नाही' या तक्रारीला तेच नेमकं बसतं.

सतत पाहणं शक्य नसेल तर खंडनोंद, म्हणजे वेळेचे छोटे तुकडे पाडून प्रत्येकात एक खूण. यात एक खोड आहे. 'या 15 सेकंदांत एकदा तरी घडलं का' असं विचारलं की एकूण कालावधी फुगून दिसतो. 'पूर्ण 15 सेकंद घडत होतं का' असं विचारलं की आकसतो. शिक्षकाला सोपं आणि तुलनेने निःपक्ष म्हणजे क्षणनोंद: दर दोन किंवा पाच मिनिटांनी घंटी, त्या क्षणी वर बघायचं, काम करतोय किंवा नाही, एक खूण. व्याख्या इतकी स्पष्ट हवी की दुसऱ्या कुणी शेजारी बसून स्वतंत्र नोंद केली तर किमान 80 टक्के जुळावी. जुळली नाही तर माणसं नव्हे, आधी व्याख्या बदला.

बेसलाइनला किमान तीन बिंदू, शक्यतो पाच. आणि बेसलाइन आपणहून सुधारत असेल तर तेव्हा सुरुवात करू नका, नंतर काहीच सिद्ध होणार नाही. लोक योजना सुरू करतात ती सगळ्यात वाईट आठवड्यानंतर. वाईट आठवड्यानंतरचा आठवडा तसाही जरा बरा असतोच, आणि श्रेय चार्टला जातं.

योजना लावा, काढा, परत लावा हा उलटापालट आराखडा सगळ्यात स्वच्छ पुरावा देतो, पण दोन ठिकाणी चालत नाही: शिकलेलं कौशल्य (वाचायला आलं ते परत 'न येणं' होत नाही) आणि धोकादायक वर्तन. तिथे बहुबेसलाइन. तीच योजना तीन तासांना किंवा तीन मुलांना वेगवेगळ्या दिवशी सुरू करायची. ज्याला लावली त्याचाच आलेख हलला तर खरं. बेअर, वुल्फ आणि रिझली यांनी 1968 मध्ये या क्षेत्राचे निकष मांडले तेव्हापासून गाडा असाच चालतो: एका व्यक्तीचा आलेख, पुन्हा पुन्हा.

---

नवी_पाटी

सगळे प्रतिसाद वाचले. टोकन पद्धतीचा तपशील कोणी देईल का? किती टोकन, केव्हा बदलून द्यायचे, परत घ्यायचे का? 'टोकन द्या' याच्या पुढे कुठेच काही मिळत नाही.

---

खडूफळा

नवी_पाटी, ही पद्धत मोठ्या प्रमाणावर उभी केली आयलॉन आणि अझ्रिन यांनी, इलिनॉयमधल्या ॲना स्टेट हॉस्पिटलमध्ये, दीर्घकाळ दाखल मनोरुग्णांसाठी. त्यांचं पुस्तक 1968 चं. नियम आजही तेच.

सुरुवात टोकनने करू नका, त्या बदल्यात काय मिळणार यापासून करा. टोकनची स्वतःची किंमत शून्य. मुलाला काय हवंय ते विचारून चालत नाही, मोठ्यांच्या अंदाजाने तर मुळीच नाही. जोडीने पर्याय ठेवा आणि कशाला हात जातो ते टिपा. सात गोष्टी असतील तर प्रत्येक जोडी एकदा, म्हणजे 21 वेळा निवड. वेळ कमी असेल तर सगळ्या एकदम मांडा, एक उचलली की ती बाजूला काढून उरलेल्यांतून पुन्हा निवडायला सांगा. वस्तूच हवी असं नाही. प्रीमॅकने 1959 मध्ये दाखवलं की जी कृती मूल आपणहून जास्त करतं ती कमी होणाऱ्या कृतीचं बक्षीस म्हणून चालते. फळा पुसणं, रांगेत पुढे उभं राहणं, पाच मिनिटं आवडीचं चित्र रंगवणं, फुकट आणि टिकाऊ.

पहिल्या दिवशी अगदी सोप्या कृतीला टोकन आणि लगेच, एका मिनिटात, बदली. दोन-तीन टोकनला एक बक्षीस. टोकन म्हणजे काय ते असंच कळतं, भाषण देऊन नाही. मग पाच, मग आठ. बदली तासाच्या शेवटी, मग दिवसाच्या शेवटी. लहान मुलांना किंवा विकासात्मक अडचणी असलेल्यांना पहिल्याच दिवशी 'शुक्रवारी मिळेल' म्हणणं म्हणजे काहीच न देणं.

किमती ठरवताना हिशोब करा. साधारण दिवसात मूल 10 टोकन मिळवत असेल तर सगळ्यात स्वस्त बक्षीस 3-4 चं, मधलं 8-10 चं, आणि एखादंच 25-30 चं. फार स्वस्त ठेवलं तर सकाळीच सगळं मिळवून दुपारी मोकळं. फार महाग ठेवलं तर मूल तिसऱ्या दिवशी नाद सोडतं. साठवणूक होत असेल (काही मुलं पन्नास टोकन जमवून ठेवतात आणि मग आठवडाभर काही करत नाहीत) तर टोकनला मुदत घाला किंवा दर आठवड्याला रंग बदला. रंग बदलला की चोरी आणि बनावट टोकन दोन्हीला आळा बसतो.

परत घ्यायचे का? संशोधनात दंडाचा परिणाम दिसतो, पण वर्गात तो लवकर हाताबाहेर जातो. घ्यायचेच तर एका ठरावीक वर्तनाला, एका वेळी एकच, आणि खातं शून्याखाली कधीच नाही. दिवसभरात दिलेल्यांपेक्षा घेतलेले जास्त व्हायला लागले तर योजना थांबवा. वजा सहावर असलेल्या मुलाला नीट वागायला काही कारणच उरत नाही.

---

पायरीपायरीने

उपचाराच्या बाजूने थोडं. शाळेतली उदाहरणं वाचून वर्तनतंत्र म्हणजे बक्षिसं असं वाटतं. चिकित्सेत सगळ्यात भक्कम पुरावा भीती आणि सवयींवरच्या तंत्रांचा आहे.

मेरी कव्हर जोन्सने 1924 मध्ये पीटर नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलाची सशाची भीती घालवली: तो खात असताना ससा हळूहळू जवळ आणत. वोल्पेने 1958 मध्ये पद्धतशीर असंवेदनीकरण (भीतीच्या गोष्टीची पायरीपायरीने सवय) मांडलं, त्यात शिथिलीकरण आणि भीतीची उतरंड. उतरंड आजही वापरतात: 0 ते 100 या भीतीच्या मापावर 10 ते 15 पायऱ्या, सुरुवात 30 च्या आसपास. शिथिलीकरण मात्र आता बहुधा वगळतात. त्याशिवायही सामोरं जाणं तितकंच काम करतं, आणि कधी कधी श्वासाचा व्यायामच 'हा केला म्हणून मी वाचलो' असा आधार बनतो.

फसतं कुठे? भीती शिगेला असताना पाय मागे घेतला तर माघारीमुळे सुटका मिळते आणि भीती पक्की होते. म्हणून पायरी इतकी छोटी ठेवायची की तिथे टिकून राहणं शक्य व्हावं. आणि छुप्या सुरक्षा-क्रिया: लिफ्टमध्ये चढला पण फोन हातात घट्ट, कुत्र्याजवळ गेला पण आईचा हात धरून. आकडा खाली येतो आणि तरी भीती जात नाही. आज भर 'भीती कमी होईपर्यंत थांब' यापेक्षा 'तुला काय होईल असं वाटत होतं आणि काय झालं' यावर जास्त आहे. भाकीत आधी लिहून घ्यायचं, नंतर पडताळायचं.

मंत्रचळ विकारात (नको ते विचार आणि त्यांच्यासाठी पुन्हा पुन्हा केले जाणारे विधी) मायरने 1966 मध्ये दाखवलं की सामोरं जाण्याइतकंच नंतरचा विधी रोखणं गरजेचं आहे. इथे घरचेच बहुधा योजना उलटवतात: 'हो रे, गॅस बंद आहे' हे दहाव्यांदा सांगणं म्हणजे विधीत सामील होणं. घरच्यांनी ते एकदम तोडायचं नाही, रुग्णाबरोबर ठरवून टप्प्याने कमी करायचं.

टिक्स (आपोआप होणाऱ्या झटक्यासारख्या हालचाली), केस उपटणं, नखं खाणं यासाठी अझ्रिन आणि नन यांची 1973 ची सवय-उलट पद्धत. आधी जाणीव: हात वर निघाल्याचा पहिला क्षण ओळखता येणं, हा भाग घाईने उरकतात आणि मग पुढचं कोसळतं. मग त्याच्याशी एकाच वेळी होऊ न शकणारी कृती, मूठ मिटून मांडीवर दाबणं, एक मिनिट किंवा ऊर्मी ओसरेपर्यंत. मूळ पद्धतीत तीन मिनिटं होती. ती कृती चारचौघांत लक्षात न येणारी हवी, नाहीतर ती वापरलीच जात नाही.

अंथरूण ओलं करण्यावर मॉवरर दांपत्याचा 1938 चा घंटी-गादी संच (गादी ओली झाली की घंटी वाजते) आजही पहिल्या पसंतीच्या उपायांत आहे. दोन-तीन महिने लागतात. चार आठवड्यांनी थोडी तरी सुधारणा (डाग लहान, घंटी उशिरा, आपणहून जाग) दिसते का बघायचं. सलग 14 कोरड्या रात्रींनंतर बंद. बहुतेक अपयशांमागे एकच कारण: घंटी वाजते, मूल उठत नाही, आणि घरचे ती बंद करून झोपतात. सुरुवातीला मोठ्यांनी मुलाला पूर्ण जागं करून शौचालयापर्यंत न्यायलाच हवं.

आणि बक्षिसं म्हणाल तर व्यसनमुक्तीत त्यांचा पुरावा उत्तम आहे. पेट्रीच्या पद्धतीत भांड्यात 500 चिठ्ठ्या: निम्म्यांवर फक्त शाबासकी, 209 वर छोटं बक्षीस, 40 वर मोठं, एकीवर फार मोठं. स्वच्छ (नशा न आढळलेल्या) तपासणीमागे चिठ्ठी काढायची संधी, सलग स्वच्छ राहिलं की संधी वाढत जातात, घसरलं की पुन्हा एकवर. तपासणी आठवड्यातून दोन-तीनदा आणि निकाल त्याच भेटीत. निकाल चार दिवसांनी कळवणाऱ्या केंद्रात हे चालत नाही.

---

शंकासुर

'दुर्लक्ष करा' या सल्ल्याबद्दल कोणी लिहा. हा सल्ला सगळेच देतात आणि तो सगळ्यात जास्त उलटतो.

---

आलेख

कारण तो अर्धवट दिला जातो. विलोपन म्हणजे ज्या गोष्टीने वर्तन टिकून आहे ती बंद करणं. वर्तन लक्षासाठी असेल तरच दुर्लक्ष हे विलोपन. कामातून सुटका हवी असलेल्या मुलाकडे दुर्लक्ष केलं तर ती सुटकाच झाली. संवेदी कारण असेल तर त्याला आपल्या दुर्लक्षाचा पत्ताही नसतो.

दुसरं म्हणजे सुरुवातीची उसळी, विलोपन सुरू करताच वर्तन काही काळ वाढणं. लर्मन आणि इवाटा यांनी 1995 मध्ये 113 माहितीसंच तपासले, उसळी 24 टक्क्यांत दिसली. नुसतं विलोपन असेल तिथे 36 टक्के, सोबत दुसरं काही दिलं असेल तिथे 12. म्हणजे उसळी अटळ नाही, आणि पर्याय सोबत शिकवला तर ती बरीच टळते. एकट्याने विलोपन वापरू नका, याहून सरळ आकडा मिळणार नाही.

तिसरं, मध्येच हार मानणं. वीस मिनिटं आरडाओरड सहन करून एकविसाव्याला मोबाइल दिला तर शिकवलं काय, की वीस मिनिटं पुरत नाहीत, एकवीस लागतात. शेवटपर्यंत टिकता येणार नाही असं वाटत असेल तर सुरू न करणं बरं. डोकं आपटणं, चावणं यांच्यावर तर हे घरच्या घरी करूच नये.

---

पूर्ववृत्त

आलेख यांनी 'पर्याय शिकवा' म्हटलंय, त्याचा नेमका पुरावा कार आणि डुरँड यांचा 1985 चा. चार मुलं. ज्यांना काम अवघड होतं म्हणून गोंधळ होता त्यांना 'मला कळत नाही' म्हणायला शिकवलं, ज्यांना लक्ष हवं होतं त्यांना 'माझं काम नीट होतंय का?' विचारायला. गोंधळ घटला. पण मुद्दाम उलटं वाक्य शिकवलं, कारणाशी न जुळणारं, तेव्हा घटला नाही. 'नीट बोलायला शिकव' इतकं पुरत नाही हे यातून कळतं.

व्यवहारात नवं वाक्य जुन्या वर्तनापेक्षा स्वस्त असलं पाहिजे: कमी श्रम, जलद उत्तर. ओरडल्यावर शिक्षक पाच सेकंदांत येतात आणि हात वर केल्यावर दोन मिनिटांनी, तर मूल हिशोबाने ओरडेल. बोलू न शकणाऱ्या मुलाला एक कार्ड पुरेसं. सुरुवातीला प्रत्येक मागणी पुरी करायची, मग मूल दर मिनिटाला कार्ड दाखवू लागतं आणि लोक वैतागून कार्डच काढून घेतात. तसं करू नका. हिरवं-लाल असे दोन फलक ठेवा: हिरवा असताना मागितलं की मिळेल, लाल असताना नाही. लाल सुरुवातीला 15 सेकंदांचा, मग 30, मग एक मिनिट, असा वाढवत न्या.

---

वेगळी_वाट

वरची तंत्रं काम करतात यावर वाद नाही. कशासाठी वापरायची यावर आहे.

लोव्हासचा 1987 चा अभ्यास स्वमग्न मुलांच्या पालकांना आजही दाखवला जातो: आठवड्याला 40 तास, 19 पैकी 9 मुलं, म्हणजे 47 टक्के, 'सामान्य' पातळीवर. त्यात मुलांचे गट यादृच्छिक वाटणीने केलेले नव्हते आणि प्रक्रियेत मांडीवर चापटही होती, हे सांगितलं जात नाही. स्वमग्न प्रौढांचा आजचा आक्षेप त्याहून मूलभूत आहे. डोळ्यांत बघायला लावणं, हात हलवणं थांबवणं, ही उद्दिष्टं बघणाऱ्यांच्या सोयीची; मुलाला त्याने काय मिळतं? हात हलवून मूल स्वतःला शांत करत असेल तर ते 'विझवणं' म्हणजे त्याची शांत होण्याची पद्धत काढून घेणं.

उद्दिष्ट ठरवताना दोन प्रश्न पुरतात. हे वर्तन बदललं नाही तर इजा किंवा मोठं नुकसान कोणाचं? आणि मूल नको म्हणतंय का? न बोलणारं मूलही नको म्हणतं: तोंड फिरवतं, टेबलापासून सरकतं, सत्राच्या खोलीच्या दारात अडून बसतं. ही 'असहकार' म्हणून मोजायची वर्तनं नव्हेत, योजना बदलायच्या सूचना आहेत.

---

खडूफळा

वेगळी_वाट, सहमत. हात हलवणं वर्गात कोणालाच लागत नसेल तर तो आलेखाचा विषयच नाही.

---

नवी_पाटी

शेवटचा प्रश्न. टोकन कमी करताना वर्तन परत घसरलं तर काय करायचं? आणि एका शिक्षकाकडे नीट, दुसऱ्याकडे जैसे थे, असं होतं त्याचं?

---

आलेख

दुसरं आधी. स्टोक्स आणि बेअर यांनी 1977 मध्ये सामान्यीकरणावरचे (शिकलेलं दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसांसोबतही दिसणं) अभ्यास चाळले, तर सगळ्यात सामान्य पद्धत सापडली ती 'शिकवा आणि आशा धरा'. आपोआप पसरत नाही. शिकवतानाच दोन-तीन माणसं, दोन जागा, वेगवेगळे शब्द वापरायचे. 'पुस्तक काढ', 'वाचायला घ्या', 'पान बारा' या तिन्हींवर सुरुवात झाली तर कौशल्य आलं. दुसऱ्या शिक्षकांच्या तासालाही नव्या वर्तनाला काहीतरी मिळायला हवं. तिथे हात वर करूनही कोणी बघत नसेल तर ते तिथे टिकणार नाही, मग मूल कितीही शिकलेलं असो.

घसरण झाली तर बक्षीस वाढवण्याआधी अंमलबजावणी तपासा. योजनेच्या पायऱ्यांची यादी करून एका तासात किती प्रत्यक्ष झाल्या ते मोजा. दहापैकी सहाच होत असतील तर योजना बदलू नका, त्या सहाच्या नऊ करा. बऱ्याचदा घसरण इथेच सापडते.

अंमलबजावणी नीट असूनही घसरत असेल तर टोकन फार झपाट्याने विरळ केले. तीन सत्रं स्थिर राहिलेल्या शेवटच्या पायरीवर परत जा, आरंभाला नाही. तिथे पुन्हा तीन सत्रं स्थिर दिसली की पुढची उडी आधीच्या निम्मी ठेवा: 5 कृतींना एक टोकनवरून 10 वर नेलं होतं, तर आता 7 वर. आणि दर 7 ला न मोजता सरासरी 7 ला द्या, कधी 4 नंतर, कधी 9 नंतर. टोकन मिळाल्या मिळाल्या येणारी सुस्ती त्याने कमी होते.